व्होल्वो एस-६० आणि सहा किलोचं फ्लायव्हील: चाचणीत पास होऊन बाजारात न आलेल्या तंत्राचा प्रकरण अभ्यास

एप्रिल २०१३ मध्ये व्होल्वोने एका चाचणीचे निकाल जाहीर केले. गाडी एस-६०. पुढे पाच सिलिंडरचं २५४ अश्वशक्तीचं टी-५ पेट्रोल इंजिन, आणि मागच्या अ‍ॅक्सलवर कार्बन फायबरचं एक फ्लायव्हील, म्हणजे फिरत राहून ऊर्जा साठवणारं चाक. वजन सहा किलो, व्यास २० सेंटिमीटर, वेग मिनिटाला ६०,००० फेऱ्यांपर्यंत. ब्रेक लावला की गाडीच्या गतीतली ऊर्जा या फ्लायव्हीलमध्ये जायची आणि गाडी पुन्हा निघाली की तिथून परत चाकांकडे यायची. या सगळ्या प्रवासात बॅटरी कुठेच नाही, विजेची मोटरही नाही. कंपनीने सांगितलेले आकडे असे: जादा ८० अश्वशक्ती, शून्य ते शंभर साडेपाच सेकंदांत, आणि इंधनात २५ टक्क्यांपर्यंत बचत.

या यंत्रणेची एकही गाडी शोरूममध्ये आली नाही. जुलै २०१७ मध्ये व्होल्वोने जाहीर केलं की २०१९ पासून येणाऱ्या प्रत्येक नव्या मॉडेलमध्ये विजेची मोटर असेल. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, या तंत्राचे हक्क ज्या ब्रिटिश कंपनीकडे होते ती टोरोट्रॅक दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

बॅटरी जिंकली आणि फ्लायव्हील हरलं, असं म्हणून हा विषय बहुतेक वेळा दोन ओळींत उरकला जातो. मला ते पटत नाही. गणित मांडून पाहिलं की फ्लायव्हीलचं भौतिकशास्त्र चोख असल्याचं दिसतं. प्रयोग अडला तो दोन ठिकाणी: ते कोणत्या गाडीत बसवलं, आणि बचत कोणत्या पट्टीने मोजली. हे दोन्ही मुद्दे नीट तपासण्यासारखे आहेत, कारण गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवणाऱ्या कोणत्याही नव्या तंत्राला ते लागू पडतात.

ब्रेक लावताना नेमकं किती जातं

माणूस आणि थोडं सामान धरून एस-६० चं वजन १,६०० किलो धरू. ताशी ५० किलोमीटर वेगाला तिच्या गतीत सुमारे १५४ किलोज्यूल ऊर्जा असते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून ताशी १०० ला ती दुप्पट नव्हे तर चौपट, सुमारे ६१७ किलोज्यूल होते. सिग्नल लागला की यातला मोठा भाग ब्रेकच्या डिस्क तापवून हवेत जातो.

आता हे पेट्रोलच्या भाषेत मांडू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. शहरातल्या धरसोडीच्या ड्रायव्हिंगमध्ये इंजिन त्यातला जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचवतं, असं ढोबळपणे धरायला हरकत नाही. म्हणजे लिटरमागे कामाला आले ८ मेगाज्यूल. या हिशेबाने गाडी एकदा शून्यावरून ५० वर न्यायला १९-२० मिलिलिटर पेट्रोल लागतं, आणि पुढच्या सिग्नलला ते संपतं.

सगळं परत मिळत नाही. गाडी थांबत असतानाही टायर आणि हवा आपापला वाटा घेतात, गिअरमध्ये थोडं जातं, फ्लायव्हीलच्या बेअरिंगमध्ये थोडं जातं. १५४ पैकी १०० किलोज्यूल पुन्हा चाकांना मिळाले, तर एका थांब्यामागे साधारण १२ मिलिलिटर पेट्रोल वाचतं. अशी गाडी शहरात लिटरला १० किलोमीटर देत असेल, म्हणजे किलोमीटरला १०० मिलिलिटर पीत असेल, आणि किलोमीटरमागे तिला एकदा ५० वरून पूर्ण थांबावं लागत असेल, तर बचत होते १२ टक्के. थांबे दुप्पट झाले तर दोन्ही बाजू वाढतात, कारण मुळात खपही वाढलेला असतो, पण बचतीचा टक्का वरच सरकतो. द्रुतगती मार्गावर सलग तासभर न थांबता गेलात तर बचत शून्य, शिवाय यंत्रणेचं वजन वाहून नेलं ते वेगळंच.

एवढ्यावरून एक गोष्ट पक्की होते. फ्लायव्हीलची बचत म्हणजे थांब्यांची संख्या गुणिले गाडीचं वजन. पुढचं सगळं प्रकरण या गुणाकाराभोवती फिरतं.

लहान आणि भन्नाट वेगाचं का

विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन ज्यांनी हँडल मारून चालू केलंय त्यांना फ्लायव्हील काय करतं हे वेगळं सांगायला नको. आधी डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून धरायचा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब धरत नाही, आणि हँडल जोरात फिरवत राहायचं. बाजूची बिडाची जड चाकं वेग घेतात. मग खटका सोडायचा. हाताच्या एका झटक्यात पिस्टन वर ढकलणं कुणाला जमलं नसतं, पण आठ-दहा फेऱ्यांत चाकात साठवलेला जोर ते काम करतो आणि इंजिन धडधडायला लागतं.

तिथे वजन चालतं, कारण इंजिन जागेवर उभं असतं. गाडीत वजन वाढवणं म्हणजे ज्या कारणासाठी खटाटोप चालवलाय त्याच्याच मुळावर येणं. स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कारखान्याने १९५० च्या दशकात फ्लायव्हीलवर चालणारी बस बनवली होती. इव्हर्दों गावात ती १९५३ पासून १९६० पर्यंत प्रवाशांना घेऊन धावली. तिचं फ्लायव्हील दीड टनाचं आणि १.६ मीटर व्यासाचं होतं, फिरायचं मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी. थांब्यावर विजेच्या खांबाला जोडून ते पुन्हा फिरवून घ्यायचे. व्होल्वोने स्वतःही १९८० च्या दशकात २६० या गाडीवर फ्लायव्हील लावून पाहिलं होतं. त्या काळची पोलादी चाकं जड, अवजड, आणि वेगाला मर्यादा.

कोंडी सुटली ती मोटारशर्यतींमुळे. फॉर्म्युला वनने २००९ च्या मोसमात ब्रेकची ऊर्जा साठवून वापरायला परवानगी दिली: एका फेरीत ४०० किलोज्यूल, जास्तीत जास्त ६० किलोवॅट शक्तीने. हे डोळ्यांसमोर ठेवून रेनोच्या फॉर्म्युला वन संघातून बाहेर पडलेल्या जॉन हिल्टन आणि डग क्रॉस या दोघांनी २००७ मध्ये सिल्व्हरस्टोनजवळ फ्लायब्रिड ही कंपनी काढली. त्यांचं गणित सरळ होतं. फ्लायव्हीलमधली ऊर्जा वजनाच्या एका पटीत वाढते आणि फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत. मग वजन कमी करा, वेग वाढवा.

व्होल्वोच्या गाडीतलं फ्लायव्हील याच कुळातलं. २० सेंटिमीटर व्यास आणि मिनिटाला ६०,००० फेऱ्या म्हणजे कडेचा वेग होतो सेकंदाला सुमारे ६२८ मीटर. आवाजाचा वेग ३४३ मीटर, तेव्हा ही कड आवाजाच्या पावणेदोन पटींहून जास्त वेगाने फिरतेय. वजन चकतीसारखं सगळीकडे सारखं पसरलंय असं धरून हिशेब केला तर पूर्ण वेगाला साठा अर्ध्या मेगाज्यूलच्या थोडा वर येतो. म्हणजे ५० वरून तीन वेळा थांबताना जेवढी ऊर्जा निघते, तेवढी एका पेटीत मावते.

या वेगाला पोलाद का चालत नाही, तेही आकड्यांत दिसतं. पातळ कडं फिरताना त्यात येणारा ताण म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग. पोलादाची घनता घनमीटरला ७,८०० किलो धरली तर ६२८ मीटर वेगाला ताण ३,००० मेगापास्कलच्या वर जातो. एवढा ताण नेहमीचं पोलाद सोडाच, निवडक मिश्रधातूही सहन करत नाहीत. कार्बन फायबरची घनता त्याच्या पाचव्या हिस्स्याएवढी, त्यामुळे ताण येतो ६०० मेगापास्कलच्या आसपास, आणि तंतूंच्या दिशेने त्याची ताकद याच्या कितीतरी वर असते. दुसरा फायदा फुटण्याचा. पोलादी चाक फुटलं तर दोन-तीन मोठे तुकडे बंदुकीच्या गोळीच्या वेगाने बाहेर येतात. कार्बनचं चाक फुटलं तर तंतू सुटतात, एकमेकांवर घासतात, चुरा होतो आणि ऊर्जा आवरणाच्या आतच जिरते. त्यामुळे आवरण हलकं ठेवता येतं.

आत हवा असून भागत नाही. या वेगाला हवेच्या घर्षणाने फ्लायव्हील तापेल आणि साठा पाहता पाहता उतरेल. म्हणून आवरणात निर्वात पोकळी लागते. पण फ्लायव्हीलचा दांडा तर बाहेर गिअरपर्यंत यायला हवा, आणि बाहेर तेल आहे. एका बाजूला निर्वात, दुसऱ्या बाजूला तेल आणि मधून साठ हजार फेऱ्यांचा दांडा: इथे बसणारं सील हीच फ्लायब्रिडची खरी कमाई होती. कार्बन फायबरवर सगळे बोलतात, सीलबद्दल फारसं कुणी विचारत नाही. व्होल्वोच्या प्रकल्पात बेअरिंग बनवणारी एसकेएफ भागीदार होती, ते काही उगाच नव्हे.

वळणावर असं चाक गाडीला उलटवणार नाही का, हा प्रश्न हमखास येतो. हिशेब करून पाहा. सहा किलो वजन आणि त्या वेगाला वळणात निर्माण होणारा गायरोस्कोपिक पीळ, म्हणजे फिरतं चाक दिशा बदलायला करतं तो विरोध, जोरदार वळणातसुद्धा १०० न्यूटन-मीटरच्या आत राहतो. गाडीच्या रुंदीवर तो वाटला तर एका बाजूच्या टायरवर सहा-सात किलोंचा फरक पडतो. मागच्या सीटवर शाळेचं दप्तर ठेवावं एवढाच.

खरा पेच: गाडी मंदावते तेव्हा फ्लायव्हीलने वेग घ्यायचा

हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो आणि तंत्राचा खर्चही इथेच आहे.

ब्रेक लावला त्या क्षणी गाडी जोरात आहे आणि फ्लायव्हील हळू. पाच सेकंदांनी गाडी जवळपास थांबलेली असते आणि फ्लायव्हील पूर्ण वेगात. निघताना सगळं उलटं. दोन्ही टोकं विरुद्ध दिशेने वेग बदलताहेत आणि त्यांना दातेरी गिअरने सतत जोडून ठेवायचंय, तर गिअरचं गुणोत्तर क्षणाक्षणाला बदलत राहायला हवं. पाच किंवा सहा गिअरांचा डबा इथे पुरत नाही. प्रत्येक टप्प्यावर क्लच घसरेल, आणि घसरणारा क्लच म्हणजे पुन्हा उष्णता.

टोरोट्रॅककडे यावर उत्तर होतं. तिच्या सीव्हीटीमध्ये, म्हणजे पायऱ्या नसलेल्या, गुणोत्तर सलग बदलणाऱ्या गिअरमध्ये, समोरासमोर दोन चकत्या असतात आणि त्यांच्या आतल्या बाजू खोलगट वाटीसारख्या घडवलेल्या असतात. मधल्या पोकळीत रोलर बसतात. रोलर सरळ असला तर तो दोन्ही चकत्यांना सारख्या अंतरावर टेकतो आणि दोन्ही एकाच वेगाने फिरतात. रोलर थोडा तिरका केला की तो एका चकतीला मध्याजवळ आणि दुसरीला कडेजवळ टेकतो, आणि गुणोत्तर बदलतं. पायरी नाही, झटका नाही. शिवाय धातू धातूला थेट घासत नाही. मधे तेलाचा अतिशय पातळ थर असतो, दाबाखाली तो इतका घट्ट होतो की जोर त्यातूनच पलीकडे जातो.

या मार्गाचा फायदा असा की ऊर्जा कधीच रूप बदलत नाही. बॅटरीच्या हायब्रिडमध्ये गतीची वीज होते, विजेचं रसायन होतं, रसायनाची पुन्हा वीज आणि विजेची पुन्हा गती. चार बदल, आणि प्रत्येक ठिकाणी दलाली. फ्लायव्हीलमध्ये ती फिरती होती, फिरतीच राहिली. दुसरा फायदा वेगाने घेण्याचा. तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसची निकेल बॅटरी सुमारे २७ किलोवॅटची होती. जरा घाईने ब्रेक लावला की त्याहून जास्त शक्ती येते आणि उरलेली साध्या ब्रेकमध्येच जाते. व्होल्वोची यंत्रणा ८० अश्वशक्तीची, म्हणजे जवळजवळ ६० किलोवॅटची होती.

तोटा असा की हा डबा सुटा, महाग आणि नव्याने शिकण्याचा होता. मोटारीच्या कारखान्यांना बॅटरीसाठी पुरवठादार मिळत होते, मोटरसाठी मिळत होते. अशा गिअरसाठी दारं मोजकीच होती. फ्लायब्रिडने पुढे सीव्हीटी टाळून क्लचच्या जोड्यांवर चालणारी स्वस्त रचनाही आणली. थोडी घसरण सोसायची आणि किंमत खाली आणायची, असा तो व्यवहार होता.

मागच्या अ‍ॅक्सलवर बसवल्याने काय झालं

एस-६० मध्ये इंजिन पुढची चाकं फिरवतं. तिथे जागा नव्हतीच, म्हणून फ्लायव्हील मागे गेलं. ब्रेक लागताच इंजिन बंद होई, निघताना आधी मागून फ्लायव्हीलचा रेटा मिळे आणि मग इंजिन हातभार लावी. फ्लायव्हीलचा रेटा चालू असेपर्यंत गाडी चारही चाकांवर चाले. इंजिनाच्या मूळ गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही. कारखान्याच्या दृष्टीने ही फार सोयीची मांडणी.

पण ब्रेक लावताना गाडीचं वजन पुढे झुकतं. मागची चाकं हलकी होतात आणि त्यांच्यावर फार ब्रेक लावला तर ती घसरतात. सावकाश थांबलात तर मागचा अ‍ॅक्सल बहुतेक सगळं काम निभावून नेतो. कुणी आडवं आलं आणि करकचून ब्रेक मारला तर मोठा वाटा पुढच्या डिस्कना घ्यावाच लागतो, आणि तो गेला तो गेलाच. अंदाजाने सांगायचं तर ५० वेगाला हळुवार ब्रेकमध्ये शक्ती ४०-४५ किलोवॅटला पोहोचते, म्हणजे यंत्रणेच्या आवाक्यात. तडकाफडकी ब्रेकमध्ये ती १०० च्या पुढे जाते. याचा अर्थ तीच गाडी, तोच रस्ता, पण चालवणारा बदलला की बचत बदलली. लांबून सिग्नल पाहून पाय काढणाऱ्याला फायदा, शेवटपर्यंत रेटत जाणाऱ्याला कमी.

आणि साठा टिकत नाही. फिरणारं चाक हळूहळू मंदावतंच. सिग्नलला उभं राहण्यापुरता तो सहज पुरतो, पण गाडी रात्रभर उभी राहिली तर सकाळी पेटी रिकामी. ही यंत्रणा वारंवार थांबण्या-निघण्याच्या ड्रायव्हिंगमध्येच सर्वात प्रभावी आहे, असं व्होल्वोने निकाल सांगतानाच म्हटलं होतं.

२५ टक्के, पण कुणापेक्षा

२०११ मध्ये प्रकल्पाची घोषणा झाली तेव्हा बचतीचा आकडा २० टक्क्यांपर्यंत होता. स्वीडिश ऊर्जा संस्थेने त्यासाठी ६५ लाख ७० हजार क्रोना अनुदान दिलं होतं. २०१३ मध्ये आकडा २५ वर गेला. बातम्यांत तो तसाच छापला गेला: फ्लायव्हील लावा, चौथा हिस्सा पेट्रोल वाचवा.

कंपनीचं मूळ वाक्य सावध होतं. फ्लायव्हील लावलेलं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, तेवढीच कामगिरी देणाऱ्या सहा सिलिंडरच्या टर्बो इंजिनापेक्षा २५ टक्क्यांपर्यंत कमी इंधन घेईल. म्हणजे या एका आकड्यात दोन वेगळ्या बचती एकत्र बसल्यात. एक, ब्रेकची ऊर्जा परत मिळाली आणि थांब्यावर इंजिन बंद राहिलं. दुसरी, मोठ्या इंजिनाऐवजी लहान इंजिन वापरलं. दुसरी बचत खरीच आहे, कारण वेग घेतानाचा जोर फ्लायव्हील पुरवतं म्हणून लहान इंजिन चालून जातं. पण ज्याच्याकडे आधीच चार सिलिंडरची गाडी आहे आणि त्याने फक्त हे यंत्र बसवलं, त्याला २५ टक्के मिळणार नाहीत. वर केलेला आपला हिशेब शहरासाठी १२ टक्क्यांच्या आसपास आला, त्यात थांब्यावर इंजिन बंद राहिल्याची थोडी भर घाला. माझ्या मते फ्लायव्हीलचं श्रेय तेवढं धरावं आणि बाकीचं लहान इंजिनाच्या खात्यात लिहावं. असं वेगळं लिहिलं असतं तर नंतरची निराशाही कमी झाली असती.

आता मोजपट्टीकडे. त्या काळी युरोपात गाडीचं अ‍ॅव्हरेज एनईडीसी या ठरीव चाचणीवर मोजत. एकूण ११ किलोमीटर, वेळ वीस मिनिटांना थोडा कमी. सुरुवातीला शहरी भाग: एक ठरावीक तुकडा चार वेळा, प्रत्येक तुकड्यात तीन थांबे, अनुक्रमे १५, ३२ आणि ५० वेगापर्यंत जाऊन. त्यानंतर शहराबाहेरचा भाग, ज्यात गाडी १२० पर्यंत जाते आणि शेवटी थांबते.

१,६०० किलोच्या गाडीसाठी यातल्या थांब्यांची ऊर्जा मी मांडून पाहिली. शहरी भागातल्या एका तुकड्यात तिन्ही थांबे मिळून सुमारे २३० किलोज्यूल, चार तुकड्यांचे ९२५ च्या आसपास. शहराबाहेरच्या भागातला शेवटचा एकच थांबा, १२० वरून शून्यावर, सुमारे ८९० किलोज्यूल. बारा शहरी थांब्यांत जेवढं हाती लागतं जवळपास तेवढंच त्या एका थांब्यात आहे, आणि तिथेच चाचणी संपते. ती ऊर्जा फ्लायव्हीलमध्ये भरली तरी ती वापरायला पुढे रस्ताच नाही. बॅटरीचं तसं नाही. तिच्यातलं उरलेलं उद्याही उरतं. सुरुवातीलाही गाडी उभी, म्हणजे फ्लायव्हील रिकामं. तरीसुद्धा याच चाचणीवर इंजिन जवळजवळ निम्मा वेळ बंद ठेवता येईल असं व्होल्वोने म्हटलं होतं, हे यंत्रणेच्या बाजूने आवर्जून नोंदवायला हवं.

निर्णय कुठे फिरला

ज्या वर्षांत ही चाचणी चालू होती त्याच वर्षांत व्होल्वोने व्ही-६० ची प्लग-इन हायब्रिड आवृत्ती बाजारात आणली. पुढे डिझेल इंजिन, मागे विजेची मोटर, ११.२ किलोवॅट-तासांची बॅटरी. अधिकृत चाचणीत तिचा कार्बन डायऑक्साइड किलोमीटरला ५० ग्रॅमच्या आत आला. घरच्या विजेवर काही किलोमीटर धावल्यावर चाचणीत पेट्रोल-डिझेलचा वाटा आपोआपच लहान दिसतो, आणि वीज कुठून आली हे गाडीच्या धुरांड्यावर मोजलं जात नाही.

युरोपात कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीवर दंड ठरतो आणि लक्ष्य ९५ ग्रॅमकडे सरकत होतं. अशा वेळी कंपनीच्या हिशेबनिसासमोर दोन कागद ठेवा. एकावर १२ ते २५ टक्के कपात, दुसऱ्यावर निम्म्याहून जास्त. निवड कोणती होणार ते उघड आहे. रस्त्यावर प्रत्यक्ष किती इंधन वाचतं हा प्रश्न त्या टेबलावर आलाच नाही. प्लग-इन गाडी मालकाने रोज चार्ज केली नाही तर ती जड बॅटरी वाहणारी डिझेल गाडी होते. फ्लायव्हीलला मालकाच्या शिस्तीची गरज नव्हती. ते ब्रेकच्या पेडलवर चालत होतं. माझ्या दृष्टीने या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे.

बॅटरीची किंमत हे दुसरं कारण. २०१० च्या सुमारास किलोवॅट-तासामागे हजार डॉलरच्या घरात असलेली लिथियम बॅटरी २०१७ पर्यंत दोनशेच्या आसपास आली. मोबाइल, लॅपटॉप, बस, स्कूटर सगळ्यांनी मिळून तिची किंमत पाडली. निर्वात पेटीतल्या कार्बनच्या चाकाला असा गोतावळा नव्हता.

जड वाहनांचं गणित वेगळं पडतं

मघाचा गुणाकार आठवा: थांबे गुणिले वजन. भरलेली शहरी बस १५ टनांची धरू. ताशी ४० वेगाला तिच्यात सुमारे ९२५ किलोज्यूल असतात, एस-६० च्या ५० वेगाच्या सहापट. यातली निम्मी जरी परत मिळाली आणि डिझेल इंजिनाची कार्यक्षमता ३५ टक्के धरली, तरी एका थांब्यामागे ३५-४० मिलिलिटर डिझेल वाचतं. साडेतीन किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज देणारी बस किलोमीटरला २८५ मिलिलिटर घेते. किलोमीटरमागे दीड थांबा धरला की बचत २० टक्क्यांजवळ पोहोचते. इथे कुठलंही मोठं इंजिन लहान करून आकडा फुगवलेला नाही.

उद्योगातल्या लोकांनाही हे दिसत होतं. फॉर्म्युला वनसाठी विल्यम्स संघाने बनवलेलं विजेवर चालणारं फ्लायव्हील तिथे शर्यतीत कधी उतरलं नाही, पण ऑडीच्या आर-१८ ई-ट्रॉन क्वाट्रोने तेच तंत्र घेऊन २०१२ ची ल माँ २४ तासांची शर्यत जिंकली. हायब्रिड गाडीचा तिथला तो पहिला विजय. २०१४ मध्ये जीकेएन या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीने विल्यम्सची ती शाखा ८० लाख पौंडांना विकत घेतली आणि गो-अहेड या ब्रिटिश बस कंपनीशी ५०० यंत्रणांचा करार जाहीर केला. दावा २० टक्के डिझेल बचतीचा, आपल्या हिशेबाच्या अगदी जवळचा. फ्लायब्रिडनेही टोरोट्रॅकच्या छत्राखाली गेल्यावर राइटबसच्या स्ट्रीटलाइट बसकडे मोर्चा वळवला. फक्त वेळ हुकली होती. तोवर शहरी बसच विजेवर जायला लागल्या होत्या. पुण्या-मुंबईत आज रस्त्यावर दिसणाऱ्या नव्या बस पाहिल्या तरी हे ध्यानात येतं: सीएनजी किंवा वीज, नुसतं डिझेल क्वचितच.

विजेच्या बसला ब्रेकची ऊर्जा परत घ्यायला वेगळं यंत्र लागत नाही, मोटर आणि बॅटरी आधीच असतात. त्यामुळे शहरी बसमध्ये यांत्रिक फ्लायव्हीलची जागा आता उरलेली नाही, असं मला स्पष्ट वाटतं. जागा आहे ती जिथे इंजिन अजून काही वर्षं राहणार आणि तीच हालचाल दिवसभर पुन्हा पुन्हा होणार, अशा यंत्रांत. माती उचलून वळणाऱ्या आणि परत येणाऱ्या एक्स्कॅव्हेटरचा हात दर काही सेकंदांनी वेग घेतो आणि थांबतो. ब्रिटनच्या रिकार्डो या अभियांत्रिकी कंपनीने अशा यंत्रावर फ्लायव्हील बसवून दाखवलंही आहे. खाणीतले डंपर आणि बंदरावरच्या क्रेन यांचं गणितही त्याच गुणाकाराने सुटेल. तिथे टक्केवारी मांडताना मात्र तुलना त्याच इंजिनाच्या त्याच यंत्राशी करावी, आणि मोजणी कामाच्या पूर्ण पाळीवर करावी, वीस मिनिटांच्या ठरीव फेरीवर नव्हे.

इंग्लंडमधल्या स्टोअरब्रिज जंक्शन ते स्टोअरब्रिज टाउन या सव्वा किलोमीटरच्या रेल्वे फाट्यावर २००९ पासून फ्लायव्हीलच्या छोट्या रेल्वेगाड्या नियमित सेवेत आल्या. फोर्डचं २.३ लिटरचं एलपीजी इंजिन फ्लायव्हीलला गती देतं आणि फ्लायव्हील गाडीला ओढतं. ते फ्लायव्हील पोलादाचं आहे, वजन सुमारे ५०० किलो. रुळांवर धावणाऱ्या डब्याला एवढं वजन जड जात नाही, आणि म्हणून साठ हजार फेऱ्यांचीही गरज पडत नाही.